एक सेंटिमीटर

मेजरिंग टेप सर्रकन आत गेली की मला अबुधाबीतला तो शनिवारचा नाश्ता आठवतो. गरम थालीपीठ, एसीची घरघर आणि मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला माझा मुलगा. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा त्याचा लाडका कॉलेज क्वार्टरबॅक प्रोफेशनल संघांच्या निवडीत सगळ्यात आधी उचलला जाणार, असं तो वर्षभर सांगत होता. आता जाणकारांनी अंदाजाच्या यादीत त्याला एकदम खाली ढकललं होतं. “का रे, लागलं का त्याला?” “नो, बाबा. दे मेझर्ड हिज हँड. इट्स टू स्मॉल.” अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजा अर्धा इंच कमी भरला म्हणे! मी चाटच पडलो. “अरे, त्याच हाताने इतके सामने जिंकला ना? माणूस निवडतायत की दुधी भोपळा?” मुलाने मान वर केली. “बट बाबा, यू डिड द सेम. दॅट वॉचमन.” आदल्याच दिवशी मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये, नोकरी मागायला आलेल्या, बारा वर्षं अनुभव असलेल्या वॉचमनला मी उंची नियमापेक्षा एक सेंटिमीटर कमी भरली म्हणून परत पाठवलं होतं, आणि रात्री जेवताना ते हसत हसत सांगितलं होतं. टेप अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये असते. उंची मात्र हल्ली मी दुसऱ्याला मोजायला लावतो.