कोपऱ्यातला ठिपका

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. बेंगळुरात मॅजेस्टिक भागातल्या एका थिएटरात मी छत्तीस वर्षं ऑपरेटर होतो. पांढऱ्या साडीतल्या हडळी रोज चार खेळ माझ्याच हातून पडद्यावर जायच्या, आणि रीळ तुटलं की त्यांना चिकटवायचोही मीच. अशा माणसाला कोण घाबरवणार? शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी लिहायला बायकोनं शिकवलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

एक आधी सांगतो. ऑपरेटर सिनेमा बघत नाही. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर, एक ठिपका येतो. पापणी लवेपर्यंत गेलेला असतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, काही सेकंदांनी दुसरा येतो, त्याला त्या मशीनवर जायचं. चुकलं की पडदा पांढरा आणि खालून शिट्या. मी दोनदाच चुकलो. पण सवय अशी जडली की कुठंही बसलो तरी नजर उजवीकडं वर. लग्नात, देवळात, जेवताना. माझी बायको यमुना म्हणायची, "मी इथं बसलेय. तिकडं काय, पाल आहे का?"

ती गेली तेव्हाही तेच. दवाखान्यात सलाईनची बाटली उजवीकडं वर टांगलेली. मी थेंब बघत बसलो. थेंब पडतायत, म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटलं. नर्सनं येऊन नळी बंद केली तेव्हा कळलं. शेवटी ती माझ्याकडं बघत होती का… मला माहीत नाही.

महिनाभरानं लक्षात आलं की मला तिचा चेहरा आठवत नाही. साडी आठवे, बांगड्या आठवत, चेहरा नाही. भिंतीवर फोटो होता, पण स्टुडिओवाल्यानं रंगवून रंगवून त्यात भलतीच कोणी बाई बसवली होती. हे सांगणार कुणाला? बायकोचा चेहरा विसरलो म्हणून?

गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराची. माझ्या मुलीची मुलगी कुमुद कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. तिला प्रयोगाला माणसं हवी होती. मला म्हणाली, तात (आजोबांना ती कन्नडात तात म्हणते), स्वल्प वेळ या, नंतर कॉफी पाजते. गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. खोलीला काळे पडदे, समोर कॉम्प्युटर. मला आमची मशीनची खोलीच वाटली. चित्र क्षणात येऊन जाणार, काय दिसलं ते आपण सांगायचं.

"मधे अधिकचं चिन्ह येईल, तिथंच बघायचं," कुमुद म्हणाली. "कोपऱ्यात नाही हं, तात. आजीनं सांगितलंय मला तुमचं."

सुरू झालं. समुद्र, म्हणालो. बाजार. जंगल. रस्ता, ओला. एकही चुकेना. चित्रं येत होती, विझत होती, आणि हळूहळू मला वाटायला लागलं की मी खुर्चीत नाहीच… पाण्याखाली बसून वरचा उजेड बघतोय.

मग आमचं स्वयंपाकघर आलं.

यमुना विळीवर बसलेली. मान वर करून सरळ माझ्याकडं बघत होती. हसत नव्हती, रागावलेली नव्हती. मी आत्ताच दारात आलोय आणि ते तिला कळलंय, एवढंच. उजव्या भुवईवर डाळीएवढा भाजल्याचा डाग.

"आमचं स्वयंपाकघर," मी म्हणालो. "तुझी आजी."

कुमुदचं पेन थांबलं. तिनं ते चित्र परत लावलं, या वेळी थांबवून. भाताचं शेत होतं. शेत आणि दोन बैल. मी तीनदा लावायला सांगितलं. तिन्ही वेळा शेतच.

डोळ्याला थोडंच मिळतं, बाकीचं मेंदू आपल्याजवळचं भरतो, असं तिनं समजावलं. मी सरी, म्हणजे बरं, म्हणालो. पटलंही. पण तो डाग माझ्याजवळचा नव्हता. यमुनेच्या तोंडावर डाग मी कधी बघितलाच नव्हता.

संध्याकाळी मुलीला, सुशीलाला, सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या आईला कुठं भाजलं होतं का? तिचं लाटणं थांबलं.

"भुवईवर. फोडणीतली मोहरी उडाली होती. दवाखान्यात नेलं त्याच्या चार दिवस आधी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अप्पा, चार दिवस तिच्यासमोर बसून जेवलात की."

"कुठल्या भुवईवर?"

"उजव्या."

मी ताटावरून उठलो नाही. पण जेवलोही नाही.

कुमुद म्हणते, तेव्हा तुमच्या डोळ्यांनी बघितलं असेल, तुम्ही नाही. असेल. मग इतके दिवस ठेवलं कुठं होतं? आणि भाताच्या शेतात का परत दिलं?  

मला मशीनचं तेवढं माहीत आहे. भिंगाजवळ एक पातं फिरत असतं, ते दर चित्राला उजेड कापतं. तीन तासांच्या सिनेमात दीडेक तास पडदा काळाच असतो. लोकांना पत्ता लागत नाही. अंधारातूनही ते बघतच असतात.

आता दुपारी मी स्वयंपाकघरात पाट टाकून तिच्या जागेसमोर बसतो. डोळे मिटतो, उघडतो. पुन्हा काही दिसलेलं नाही. पण चेहरा आता आठवतो, मोहरीच्या डागासकट. नजर मधेच ठेवतो.

कोपऱ्यात पाल असली तर असू दे.