भिकीचं वाण

सई, नील,

गेल्या रविवारी तुम्ही मला फोनवर एक पान पाठवलंत. तिकडे परदेशात तुमच्या नगरपालिकेनं तुम्हाला भाजी लावायला जमिनीचा तुकडा दिलाय, त्यासाठी तुम्ही बी शोधत होतात, आणि शोधता शोधता थेट आपल्या पालघरची काकडी सापडली. ‘थोरल्या वाडीची वारसा काकडी.’ खाली चार परिच्छेद इंग्रजीत. नीलनं लिहिलं, "आजी, तुझ्या गावची! मागवू?" सईनं लिहिलं, "इंग्लिश काय सुंदर आहे गं. तू शिकवलेलं कुणीतरी असणार."

इंग्रजी माझं आहे.

चारही परिच्छेद मी दुरुस्त करून दिले. त्यातलं तुम्हाला आवडलेलं वाक्य, ‘आमच्या आजीने स्वतःच्या हातांनी भिंतीला थापून जपलेले बी’, ते तर अख्खं माझं. आणि ते खोटं आहे. तुम्ही ते बी मागवण्याआधी खरं काय ते लिहायला हवं, म्हणून आज लिहिते. क्रमानं लिहिते. शाळेत पस्तीस वर्षं काढली, क्रमाशिवाय मला लिहिता येत नाही.

केळव्याजवळचं माहीम. मी नऊ वर्षांची. थोरल्या वाडीचं मागचं अंगण. पायरीवर वाडीच्या मालकीणबाई. खाली मातीत माझी आई. तिच्या मागे मी.

"भिके, अंबाडा सोड."

आई हलली नाही.

"ऐकू येत नाही? तुम्ही बायका बी केसांत घालून नेता, मला माहीत नाही होय? सोड."

विहिरीवर दोन गडी होते. एकजण ओटीवर सुपारी सोलत बसला होता. तिघांचे हात थांबले. आईनं अंबाडा सोडला. केस कमरेखाली आले. घरातसुद्धा ती भिंतीकडे तोंड करून वेणीफणी करायची. त्या दिवशी परक्या पुरुषांसमोर, भर उन्हात. मालकीणबाईंनी केसांना हात लावला नाही. हात कसा लावतील? देवाची फुलं काढायची आकडी होती, ती आईच्या केसांतून फिरवली. वरून खाली. पुन्हा वरून खाली. नंतर ती आकडी त्यांनी धुऊन घेतली. तेही आमच्यासमोर.

"पदर झाड."

झाडला.

"पोरीची वेणी."

माझीही सोडली.

पायरीवर त्यांची मुलगी केळं खात उभी होती. माझ्याच वयाची. घरात तिला बेबी म्हणत. ती म्हणाली, "आई, बी नाही गं निघणार. उवा निघतील." तिघेही गडी हसले. मालकीणबाई हसल्या. मी आईकडे पाहिलं. आई विहिरीच्या रहाटाकडे बघत होती, जणू तो कधी पाहिलाच नव्हता.

आमची जात मी इथं लिहीत नाही. त्या अंगणात ती कुणी उच्चारली नव्हती. त्या लोकांना उच्चारावी लागत नाही.

आता बी कुणाचं, ते सांगते. आईचं माहेर दातिवऱ्याचं. लग्न होऊन आली तेव्हा पदराच्या गाठीत काकडीचं बी बांधून आणलं होतं. तिच्या आईचं, तिच्या आजीचं. आखूड, जाड, पांढरट हिरवी काकडी, देठापर्यंत गोड. आम्हाला जमीन नव्हती, म्हणून तिनं ते वाडीच्या पाटाच्या कडेला लावलं. काकड्या वाडीवाल्यांच्या कोशिंबिरीत गेल्या, त्याचं तिला काही नव्हतं. दर पावसाळ्यात दोन काकड्या ती बियाला ठेवायची. त्यांच्या देठाला चिंधी बांधायची, म्हणजे कुणी तोडायची नाही. त्या वर्षी त्या पिकून तांबूस झाल्या आणि आईनं स्वतःच्या बियाच्या दोन काकड्या घरी नेल्या. एवढीच चोरी.

मालकीणबाईंचं त्यावरचं वाक्य मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "आमच्या मातीत वाढलं ते आमचं."

अंगणात काही निघालं नाही, तेव्हा गड्याला आमच्या झोपडीत पाठवलं. त्यानं मडकी उलथी केली, गोधडी उसवली. मालकीणबाई स्वतः वाटेवर उभ्या राहिल्या, नाकाला पदर लावून. त्यांच्यापासून चार हातांवर आमची भिंत. भिंतीवर गोवऱ्यांची रांग. शेवटच्या तीन थापा गोवऱ्यांच्या नव्हत्या. शेण आणि राख कालवून आईनं आदल्या दिवशी त्यात सगळं बी बसवलं होतं. असं थापलेलं बी किडत नाही, सादळत नाही. पेरायच्या वेळी पाण्यात भिजवायचं, थाप विरघळते, बी मोकळं होतं.

मालकीणबाई भिंतीकडे बघत उभ्या होत्या. पण शेणाची थाप, तीही आमच्या घराची. तिला हात कोण लावणार? त्यांच्या सोवळ्यानं आमचं बी वाचवलं. जगातल्या एकाही सोवळ्याचा मला झालेला उपयोग म्हणजे हा एक.

त्या संध्याकाळी माझी वेणी पुन्हा घालताना आई एकदम हसायला लागली. म्हणाली, "शोदा म्हनावं. केसात नाय, भितीत हाय." आणि मग कंगवा माझ्या डोक्यात तसाच ठेवून रडली.

आईचं नाव भिकी. तिच्या आधीची तीन भावंडं गेली होती. ही तरी राहावी म्हणून देवाकडे भीक मागितली, म्हणून भिकी. म्हणजे मागून आणलेली, हवी असलेली. वाडीवाल्यांना त्यात फक्त भीक ऐकू यायची. ज्याचे कान जसे.

मी शिकले. पालघरला, मग पुढे. इंग्रजी घेऊन पदवी घेतली, बोईसरच्या एका शाळेत शिकवलं. तुमचे आजोबा तारापूरला कारखान्यात. आई माझ्याकडे आली ती तीन शेणाच्या थापा फडक्यात गुंडाळून घेऊनच. आमच्या सोसायटीच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी पडीक जागा होती, ती समितीनं चोवीस वाफे पाडून सभासदांना भाजीसाठी वाटली. चिठ्ठ्या टाकल्या. मला नऊ नंबर आला. तोवर आई गेली होती. पहिल्या पावसात मी तिची काकडी लावली.

समितीच्या अध्यक्ष बेबीताई. हो, तीच. इंजिनिअर नवऱ्याबरोबर बोईसरला आलेली, सत्तरी ओलांडली तरी सगळ्यांची बेबीताई. तिनं मला ओळखलं नाही. ओळखण्यासाठी आधी कधीतरी नीट बघितलेलं असावं लागतं. मी तिला पहिल्याच दिवशी ओळखलं. अजून तोंडात घास असताना बोलते.

दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. वाण म्हणून बायका प्लास्टिकचे डबे लुटतात. मी बियांच्या पुड्या केल्या. काकडीचं वाण, संक्रांतीचं वाण, शब्द एकच, मला गंमत वाटली. प्रत्येक पुडीवर शाईनं, माझ्या चांगल्या अक्षरात: ‘भिकीची काकडी’.

बेबीताईनं पुडी दोन बोटांत धरली. "अय्या टीचर, हे काय? सणासुदीला भीक वाटताय?"

बायका हसल्या. मीही हसले. हे लिहायला मला त्रास होतो, पण क्रमात आहे, म्हणून लिहिते. मीही हसले.

"भिकी माझी आई," मी म्हटलं. "माहीमला थोरल्या वाडीत कामाला होती."

"आमच्या वाडीत?" ती खुशीत आली. "मग काकडी आमचीच की हो! सांगायचं नाही का?" आणि पर्समधून पेन काढून माझ्यासमोर तिनं आईच्या नावावर रेघ मारली, वर लिहिलं ‘थोरलि वाडी’. ऱ्हस्व ‘लि’ काढून.

त्या पावसाळ्यात तिच्या वाफ्यात काकडी छान आली. मग ती एक कागद घेऊन आली. "टीचर, आमच्या काकडीबद्दल नेटवर टाकायचंय. तुमचं इंग्लिश चांगलं आहे हो. तुमच्या लोकांत असं इंग्लिश मी पाहिलं नाही. जरा बघता?" दारातच उभी राहिली. पाणी विचारलं तर म्हणाली, "नको, आत्ताच प्यायले." माझ्या दारात ती नेहमी आत्ताच पाणी प्यायलेली असते.

मी कागद घेतला. लाल पेन घेतलं. चुकलेलं वाक्य दिसलं की माझे हात शिवशिवतात. दारातूनच तिनं विचारलं, "पूर्वी बी कसं ठेवायचे हो?" आणि मी सांगितलं. शेण, राख, भिंत. तिनं तिथल्या तिथे ते आपल्या आजीच्या नावावर घातलं. ज्या आजीनं जन्मात शेणाला हात लावला नसेल, तिच्या हातात मी माझ्या आईची थाप दिली, आणि वर वाक्य सुबक केलं. आकडीनं केस उचकटूनही त्यांना जे सापडलं नव्हतं, ते मी व्याकरणशुद्ध करून हातात ठेवलं. बेबीताई म्हणाली, "थँक यू हं." मला बरं वाटलं. वाटलं, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी मात्र तिची काकडी कडू निघाली. आदल्या पावसाळ्यात शेजारीच तिनं दुकानातल्या संकरित काकडीचा वेल चढवला होता. फुलांवरच्या माश्यांना कुणाची वाडी थोरली ते कळत नाही. बी मिसळलं. मी बियाच्या फुलांना उमलण्याआधीच चिंधी बांधते आणि पराग हातानं लावते, म्हणून माझं शुद्ध राहिलं. ती देठाकडचा तुकडा कापून चोळत बसायची, फेस यायचा, कडूपणा जात नव्हता. ‘वारसा काकडी’ला जगभरातून मागणी आणि घरात गोड बी नाही.

मग तुमचं पान आलं. "तू शिकवलेलं कुणीतरी असणार." सई, मी ते वाचलं आणि मला नऊ वर्षांची मी दिसले, वेणी सुटलेली. त्या दिवशी मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मला विचारलं होतं, आणि मी लाल पेन घेऊन बसले होते.

त्याच संध्याकाळी टाकीखाली वाफेवाल्यांची बैठक होती. पेरणी तोंडावर. बेबीताई सगळ्यांसमोर म्हणाली, "टीचर, यंदा मूठभर बी द्या हं तुमच्याकडचं. माझं बिघडलंय."

"नाही."

"अहो, बी काय कुणाचं असतं? निसर्गाचं असतं."

"मग नेटवर वाडीचं नाव कशाला?"

तिचा चेहरा बदलला. आणि मग तिच्या तोंडून तिच्या आईचं वाक्य आलं, जसंच्या तसं, जणू दागिन्यांबरोबर तेही वाटणीला आलं होतं. "आमच्या मातीत वाढलं ते आमचं."

मी खुर्चीवरून उठले. अंबाड्यातला पहिला आकडा काढला आणि टेबलावर ठेवला. दुसरा काढला. पाचही आकडे ओळीनं, सारख्या अंतरावर ठेवले. केस सोडले. आता पांढरे आहेत, आईएवढे लांब नाहीत.

"तुमच्या आईनं माझ्या आईचे केस फुलांच्या आकडीनं शोधले होते," मी म्हटलं. "तुम्ही पायरीवर केळं खात होतात. या. हातानं शोधा."

बेबीताईनं खुर्ची मागे सरकवली.

"टीचर, हे काय भलतंच," बेबीताई म्हणाली. "वयानं डोकं फिरलंय तुमचं. समितीला तुमच्या वाफ्याचा विचार करावा लागेल."

"तसदी घेऊ नका." फाटकाची किल्ली मी आकड्यांच्या शेजारी ठेवली. "आणि नेटवरचं इंग्रजी काढा. ते माझं आहे. खाली तुमचं तुम्ही लिहा, चुकांसकट."

केस तसेच सोडून घरी आले. जिन्यात तळमजल्यावरची खानदेशातली सूनबाई मागून धावत आली. नवरा कारखान्यात, वाफा सहा नंबर. म्हणाली, "काकू, मला देशाल का? भिकीची?" तिनं नाव घेतलं. म्हणून तिला दिलं. अट एकच, पुढं देताना नावासकट द्यायचं. उरलेल्यातलं निम्मं दातिवऱ्याला आईच्या भाचीकडे परत पाठवलं.

तुम्ही थोरल्या वाडीचं काही मागवायचं नाही. तुम्हाला इथून बी पाठवता येत नाही, तिकडचे कायदे आहेत, ते मी पाळणार. म्हणून नाव पाठवते. तुमच्या जमिनीत जी काकडी लावाल ती लावा. पण तुम्हाला कुणी विचारलं की तुमच्या घरचं बी कुठलं, तर वाडीचं सांगायचं नाही. भिकी म्हणायचं. मोठ्यानं. कुणी हसलं तर तुम्ही हसायचं नाही. मी हसले होते, तेवढं पुरे झालं.

वाफा गेला. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, पांढऱ्या टाइल्सवर, शेणाच्या तीन थापा आहेत. आजोबा कुरकुरले, मग गप्प बसले. बेबीताई या घरात कधी पाणी प्यायली नाही, पिणार नाही. तिथं बी आहे.