वेशीवरचं गाऱ्हाणं

नुसतं चालायला म्हणून कोणी एस.टी.चं तिकीट काढतं का, असं माझी आई विचारायची. काळाचौकीतल्या आमच्या चाळीत सगळेच विचारायचे. आठवडाभर गिरणीत उभं राहून पोटऱ्यांच्या गाठी झालेल्या, आणि रविवारची सुट्टी आली की हा बाबा पहाटे उठून पनवेलची गाडी पकडतो, म्हणजे ह्याचं डोकं फिरलंय. फिरलं असेलही. पण ते माझ्या एकट्याचं नव्हतं, आम्हा दोघांचं होतं.

दुसरा म्हणजे माझा सोबती, शेजारच्या चाळीतला मालवणकडचा मराठा. तो साचेखात्यात विणकर, मी रिंगखात्यात, सूत काढायला. एकाच गिरणीत असून आमची कधी गाठ पडली नव्हती, कारण साचेखात्यात आमच्या लोकांना घेत नसत. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि महाराची थुंकी लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? कापड मात्र सगळ्यांना चालायचं. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. एका मोर्च्यात पोलिसांनी आम्हाला एकाच गाडीत कोंबलं आणि दिवसभर चौकीच्या आवारात बसवून ठेवलं. तिथे त्याने मला गावाकडच्या वाटा सांगितल्या, मी त्याला माझ्या गावच्या. सुटताना म्हणाला, येत्या रविवारी मोकळा आहेस का?

पनवेलला गाडी बदलायची, उरणच्या बाजूची पकडायची आणि कंडक्टरला सांगून एका फाट्यावर उतरायचं. तिथून भातखाचरांच्या बांधावरून, मग मिठागरांच्या कडेने, मग एक आगरी गाव ओलांडून समुद्रावर. गिरगावच्या चौपाटीवर समुद्र असतो हे मलाही माहीत आहे. पण तिथे पोचायला चालावं लागत नाही. चालून, घाम गाळून, कोपऱ्यावरून अचानक दिसलेलं पाणी वेगळं असतं, हे ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.

गाव आलं की तो थांबायचा. परक्याच्या हद्दीत पाय टाकायचा तर तिथल्या राखणदाराला सांगून टाकायचा, हा त्याच्या घरचा रिवाज. वेशीवर शेंदूर लावलेला दगड बघायचा, पिशवीतून नारळ काढायचा आणि उभं राहून गाऱ्हाणं घालायचं: बा देवा म्हाराजा, आम्ही वाटसरू, तुझ्या हद्दीतून जातो, काही चुकलं तर पोटात घाल. दर ओळीला मागून कोणीतरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. नुसतं बोलून गाऱ्हाणं पुरं होत नाही, त्याला उत्तर लागतं. मागे मी एकटाच. मी म्हणायचो. मोर्च्यात तो ‘संयुक्त महाराष्ट्र’ म्हणून ओरडायचा तेव्हा ‘झालाच पाहिजे’ म्हणायचं काम माझंच होतं, तसंच हे.

एकदा तर फजिती झाली. मिठागराच्या बांधावर एक लाल दगड दिसला. ह्याने हात जोडले, लांबलचक गाऱ्हाणं घातलं, मी मागून पट्टीत उत्तरं दिली, नारळ फोडला. मिठाचे ढीग ओढणारा एक म्हातारा आगरी हे सगळं शांतपणे बघत होता. खोबरं वाटून घेताना त्याने सांगितलं की हा मिठागराच्या हद्दीचा दगड, दिसावा म्हणून मुकादमाने तांबड्या रंगाने रंगवलाय. मला हसू आवरेना. सोबती रागाने दोन शेतं पुढे निघून गेला. मग स्वतःच म्हणाला की खोबरं मात्र गोड होतं.

पुढे एका रविवारी त्या गावात तहान लागली. एका घरी पाणी मागितलं. म्हातारीने तांब्या भरून आणला आणि विचारलं, तुम्ही कोण, कुठले? माझ्या आधी हाच बोलून मोकळा झाला. आम्ही दोघे भाऊ, म्हणाला, एकाच घरातले. म्हातारीने तांब्या हातात दिला. तो प्यायला, मी तांब्या न पिताच खाली ठेवला. बाहेर आल्यावर माझं टाळकं सटकलं. मी मुळात तापट, त्यात उन्हाने तापलेला. मी म्हटलं, तुझा भाऊ म्हणून पाणी मिळतं, मी म्हणून नाही, तर ते पाणी मला काय करायचंय? त्याला माझा राग कळेना. त्याच्या हिशोबी त्याने माझी लाज राखली होती. वाईट मनाचा तो कधीच नव्हता, आणि तेच जास्त लागायचं.

त्याच वर्षाच्या अखेरीस आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव आईने स्वतःच्या हाताने पाण्यात सोडले आणि बुद्धाची तसबीर लावली. देवापुढे वाकणार नाही, ही प्रतिज्ञा मी भर सभेत मोठ्याने म्हटली होती. ती मला तोंडपाठ होती, आजही आहे.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही वेशीपाशी आलो. त्याने नारळ काढला, पहिली ओळ म्हटली आणि थांबला. त्याने परत म्हटली. मी सांगितलं की हे आता माझ्याकडून होणार नाही.

“मोर्च्यात गळो फाडून आरडतंस,” तो म्हणाला, “हंय नुसता व्हय म्हणूक तुझा काय जाता?”

काय जातं ते मी त्याला सांगितलं. वेशीच्या आत त्याचे बापजादे राहिले, वेशीबाहेर माझे. गावाची हद्द कुठून कुठे जाते हे माझ्या आज्याला ठाऊक, भांडण झालं की पाटलापासून सगळे त्यालाच विचारायला यायचे, आणि काम झालं की त्याला तिथेच बाहेर सोडून आत जायचे. ह्या वेशीवरच्या देवाने आमची राखण कधी केली? मी पुन्हा ‘म्हाराजा’ म्हणणार नाही, तुझ्यासाठी नाही, माझ्या आईसाठीसुद्धा नाही. त्याने नारळ न फोडता पिशवीत टाकला. समुद्रापर्यंत गेलो आणि परत आलो.

मग आमचे रविवार बंद पडले. सभांना भेटायचो, घोषणा द्यायचो, चहा घ्यायचो. पण फाट्यावर उतरणं संपलं. मला ते फार लागलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या कोणाबरोबर जावं असं कधी वाटलं नाही.

त्याचा खोकला तेव्हाच वाढला. कापसाची धूळ छातीत बसली होती. साच्यावरून त्याला घरी बसवलं. एका संध्याकाळी वहिनी, म्हणजे त्याची बायको, आमच्या चाळीत आली. कधी न येणारी बाई. ह्यांना एकदा त्या वाटेने जायचंय म्हणाली, डॉक्टर नको म्हणतात, पण हे ऐकत नाहीत. कोणीतरी मला उत्तर द्यायला हवं, नाहीतर मी अर्धाच जाणार, असं झोपेत बडबडतात. तुम्ही जाल का? मी जाईन म्हटलं. उत्तर देईन असं काही म्हटलं नाही. तिनेही तसा हट्ट धरला नाही, पदराने डोळे पुसले आणि गेली.

गाडीत तो खिडकीला डोकं टेकून होता. फाट्यावरून मिठागरापर्यंतची वाट, जी आम्ही गप्पा मारत सहज उरकायचो, तिला सगळी सकाळ गेली. मला एकच धास्ती होती. वेशीवर हा थांबणार, माझ्याकडे बघणार, आणि मरायला टेकलेल्या माणसाला मी नाही म्हणणार. होय म्हणायचं नाही हे मी ठरवून टाकलं होतं आणि स्वतःवरच चिडलो होतो.

तो वेशीपर्यंत गेलाच नाही. मिठागराच्या बांधावर त्या तांबड्या दगडापाशी थांबला. रंग उडून गेला होता.

“हेच्यात देव नाय,” तो म्हणाला, “तुकाय म्हायत आसा, माकाय.”

नारळ काढला नाही. हातही जोडले नाहीत, एका हाताने माझा खांदा धरून उभा राहिला आणि दम घेत घेत बोलला.

“आज देवाक हाक नाय. ह्या वाटेक सांगतंय, ह्या गावातल्या माणसांका सांगतंय. ह्यो माझो सोबती. भाऊ नाय, सोबती. ह्यो बौद्ध आसा. ह्याका ह्याच्या नावान पाणी मिळू दे. मी नसलंय तरी ह्याका कोणी अडवू नये.”

आणि थांबला. उत्तरासाठी.

“होय,” मी म्हटलं. पुढचा शब्द मी लावला नाही आणि त्याने मागितला नाही. मला रडू आलं, ते त्याला दिसलं, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा माझी थट्टा केली नाही. समुद्र त्या दिवशी आम्ही पाहिला नाही. तिथूनच परतलो.

पावसाळ्याआधी तो गेला. पुढे महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागेत रोषणाई होती, पेढे होते, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. वहिनी दाराशी उभी होती. मी तिच्या हातावर पेढा ठेवला, तिने तो त्याच्या फोटोपुढे ठेवला. मलाही त्या दिवशी आनंद झाला होता. पण बाजूला ओरडणारा नव्हता.

पुढच्या रविवारी मी एकटाच फाट्यावर उतरलो. सरळ गावात गेलो, त्याच घरी, पाणी मागितलं. म्हातारी तीच. तुम्ही कोण, तिने विचारलं. बौद्ध, मी म्हटलं. तिला शब्द नवा होता, अर्थ कळायला वेळ लागला. मग तिने तांब्या उंच धरला आणि मला ओंजळ करायची खूण केली.

मी ओंजळ केली नाही. तिला वाईटसाईट बोललो नाही, रामराम केला नाही, मागे फिरलो. घसा कोरडा पडला होता. मिठागराच्या बांधावर दगड तिथेच होता. त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने मागितलेलं अजून मिळालेलं नव्हतं. ते पुन्हा मागायला हवं होतं. पण गाऱ्हाणं घालणं त्याचं काम, मला कधी आलंच नाही. मला फक्त उत्तर येत होतं. मी ‘होय’ म्हटलं, मोठ्याने, आणि गाडी पकडायला फाट्याकडे चालू लागलो.