अकरा टोप्या उरल्या

शूबाईंना विरोधी पक्षाचं तिकीट मिळालं, ही बातमी त्यांच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर निघाली आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत बाई निवडूनही आल्या होत्या. समोरच्या काकूंनी तर नळाला पाणी कमी येतं म्हणून बाईंकडे तक्रारही करून टाकली. खरी गोष्ट एवढीच, की कॉलेजच्या लायब्ररीतून बाईंची बदली तळघरात झाली होती. तिकीट सोडाच, तिथे त्यांना खिडकीसुद्धा मिळाली नव्हती.

शूबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. एकोणीस वर्षं लायब्ररी सांभाळताना "शू!" याखेरीज बाईंच्या तोंडून फारसं काही बाहेर पडलं नाही. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की घरी कुकरने शिट्टी दिली तरी त्या "शू!" म्हणायच्या. कुकर काही ऐकायचा नाही, आणि त्याच्याखेरीज त्या घरात तोंड उघडणारं दुसरं कोणी नव्हतं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. बहीण परगावी, तिचा फोन फक्त रविवारी. बाकीचे सहा दिवस माणसांची सोबत म्हणजे वाचत बसलेल्या पोरांच्या खाली घातलेल्या माना. तेवढ्या बाईंना पुरायच्या.

नियम एकच, पण कडक. दारातल्या रजिस्टरात नाव, वर्ग, वेळ लिहून सही केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. एकदा त्यांनी खुद्द प्राचार्यांनाही दारात थोपवून पेन पुढे केलं होतं.

मग ती सभा आली. संस्थेच्या अध्यक्षांना निवडणुकीला उभं राहायचं होतं, आणि मैदान भरायला हक्काची डोकी कॉलेजइतकी आणखी कुठे मिळणार? नऊ वाजता फाटकाशी जमायचं, प्रत्येकाच्या डोक्यावर पक्षाची टोपी, आणि जो येणार नाही त्याला परीक्षेचं हॉलतिकीट नाही. प्राचार्यांनी बाईंना जिन्यात गाठलं.

"बाई, उद्या लायब्ररी बंद ठेवा."

"लेखी द्या."

"अहो, सगळंच काय लेखी द्यायचं असतं?"

लेखी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी नेहमीसारखं नऊला कुलूप उघडलं.

साडेनऊपासून पोरं एकेक करत भिंतीच्या कडेकडेने आली. अकरा जण. त्यात खिडकीजवळ बसणारी ती चष्मेवाली होती.

"बाई, बसू ना इथे? तिकडे घोषणा द्याव्या लागतात. मला नाही पटत त्या."

बाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं. पोरगी क्षणभर घुटमळली, मग तिने सही केली. अकराही जणांनी केली. दुपारी मैदानावरचा भोंगा खिडकीतून आत शिरला, तेव्हा बाईंनी सवयीने त्यालाही "शू!" केलं. सगळी पोरं एकदम खुदखुदली. लायब्ररीत हसू फुटल्यावर बाईंनी दटावलं नाही, असं एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर एक खोका होता. चारशे टोप्या आणल्या होत्या, त्यातल्या अकरा उरल्या होत्या.

"कोणाच्या, ते कळत नाही. अध्यक्षांना नावं हवीत. तुमची लायब्ररी उघडी होती म्हणे. रजिस्टर पाठवा."

बाईंनी लायब्ररीत येऊन रजिस्टर उघडलं. "बसू ना?" म्हणून विचारणाऱ्या पोरीकडून त्यांनी स्वतःच्या पेनने तिचं नाव लिहून घेतलं होतं, तेही वर्ग आणि वेळेसकट. हेरालासुद्धा इतकं नीटनेटकं जमलं नसतं.

पान फाडावं, तर प्रत्येक पानाला नंबर, तोही त्यांनीच घातलेला. रजिस्टर हरवलं म्हणावं, तर ज्या बाईची कधी टाचणी हरवली नाही, तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? तेवढ्यात नजर गेली शेवटच्या रकान्याकडे. 'येण्याचं कारण.' हा रकाना कधीच कोणी भरत नसे. बाईंनी पेन उचललं आणि टपोऱ्या अक्षरात अकरा वेळा एकच ओळ लिहिली: 'ग्रंथपालांच्या आदेशावरून, पुस्तकमोजणीसाठी.' आयुष्यातलं पहिलंवहिलं खोटं, आणि तेही अकरा प्रतींत! खाली सही ठोकली.

प्राचार्यांनी पान वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"म्हणजे यांना तुम्ही अडवून ठेवलंत?"

"हो."

"सभेच्या दिवशीच पुस्तकं मोजायची सुचली?"

"लायब्ररी बंद ठेवायचं लेखी नव्हतं."

प्राचार्यांना सगळं उमगलं, पण कागद बिनतोड होता. पोरांना हॉलतिकिटं मिळाली, बाईंना तळघर.

तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मोडके बाक आणि एक ट्यूबलाइट. "शू!" म्हणावं तर बोलतंय कोण? जिन्यात पावलं वाजली की बाई मान वर करतात. पावलं वरच्या वर निघून जातात. एकदा चष्मेवाली फाटकाशी समोरून आली. बाईंना पाहून चप्पल नीट करायला खाली वाकली, आणि बाई रस्त्यापलीकडे जाईपर्यंत उठलीच नाही. ओळख दाखवली असती तर पोरगी पुन्हा अडकली असती, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. त्या संध्याकाळी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, तरी त्या गप्पच होत्या.

दोनेक महिन्यांनी प्राचार्य काही जुने कागद शोधत खाली उतरले. माणूस तसा मनाने वाईट नाही.

"बाई, दोन ओळी माफीच्या लिहून द्या, उद्या वर घेतो तुम्हाला. एवढं कोणासाठी करताय? त्या अकरांतलं एक तरी पोर इकडे फिरकलं का?"

टेबलासमोर एक स्टूल होतं. बाई ते रोज सकाळी पुसून ठेवत, आणि संध्याकाळपर्यंत ते तसंच स्वच्छ राही. त्यावरून त्यांनी पुन्हा एकदा फडकं फिरवलं आणि म्हणाल्या,

"येत असतील की. मी इथे रजिस्टर ठेवत नाही."