एकोणीस इंची चाकं

योगराज भारंबेला वेगाचं वेड कॉलेजात असल्यापासून होतं. घर रावेर तालुक्यातलं, केळीबागांचं. वडील कौतिक भारंबे पहाटे उठून घडांवरून हात फिरवत फिरायचे आणि हा दारातली मोटारसायकल पुसत बसायचा. पुढे त्याने सावद्याहून उत्तरेकडे केळीचे ट्रक पाठवायचा धंदा धरला, तो नावारूपाला आणला, जळगावात पिंप्राळ्याला घर बांधलं. पण रस्त्यावरून एखादी बसकी, चपळ गाडी गेली की बोलता बोलता त्याची मान तिकडे वळायची.

बायको कामिनी शिरपूरची. लग्नानंतर पहिल्यांदा तो तिला मोटारसायकलवरून सातपुड्यातल्या पाल गावाला घेऊन गेला, तेव्हा त्याला वाटलं होतं ही घाबरेल. ती मात्र घाटाच्या तोंडाशी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली होती, "अहो, अजून जोरात जात नाही का ही?" त्या एका वाक्यावर योगराज पुढची कितीतरी वर्षं खूश होता.

मुलगा पुण्यात नोकरीला लागला, घरची मोठी गाडी त्याच्याकडे गेली, आणि पन्नाशी ओलांडलेल्या योगराजने एकदाची मनासारखी गाडी घेतली. दोन दारांची, लाल, वापरलेली, पण जपून वापरलेली. पहिल्याच दिवशी कामिनीला शेजारी बसवून त्याने भुसावळ रस्त्याला गाडी पळवली. कामिनीने डोक्यावरचा पदर कानामागे खोचला आणि लहान मुलीसारखी हसली. सगळं तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं.

पण योगराजला गाडीची चाकं डोळ्यांत सलायला लागली. एवढी देखणी गाडी आणि चाकं कशी खेळण्यातल्यासारखी बारकी! मोबाइलवर तो मोठ्या चाकांच्या गाड्यांचे फोटो बघत बसायचा. शेवटी पुण्याला जाऊन त्याने आधीची सतरा इंची चाकं दुकानदाराला देऊन टाकली आणि काळी, चकचकीत एकोणीस इंची बसवून आणली. त्यांच्यावरचं टायर इतकं पातळ, की रिमभोवती काळी पट्टी चिकटवल्यासारखं दिसायचं. गाडी कॉलनीत शिरली तसे लोक गॅलरीत आले. लग्नात नवरदेवासाठी ती मागायला माणसं येऊ लागली. योगराज नाही म्हणायचा, पण मागितलेलं त्याला आवडायचं.

रस्ता मात्र आता थेट अंगात शिरायला लागला. गतिरोधक आला की पाठीत ठोसा बसायचा. डांबराचं ठिगळ असलं तरी दात वाजायचे. योगराज म्हणायचा, "स्पोर्ट्स गाडी म्हणजे अशीच कडक. मऊ पाहिजे तर पलंगावर झोपावं."

त्याच सुमाराला कामिनीच्या कमरेतली चकती सरकली. सहा आठवडे ती अंथरुणावर होती. उठून फिरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, वाकू नका, वजन उचलू नका, धक्के टाळा. एकदा बाजारातून येताना ती दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती. घरी उतरल्यावर म्हणाली, "अहो, आधीची चाकं बरी होती. तशी परत नाही का बसवता येणार?"

"त्या चाकांवर गाडी रिक्षासारखी दिसायची."

"मी आत बसते हो. मला कुठे दिसतात चाकं?"

योगराज हसला. त्याला वाटलं, तिने गंमत केली. कामिनी पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

तिची मोठी बहीण पुष्पाबाई शिरपुरातच दिलेली. आईवडील गेल्यापासून कामिनीचं माहेर म्हणजे अक्काचं घर. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती तिथे जायची. अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधलेला असायचा आणि केस पिकलेल्या दोघी बहिणी त्यावर बसून गाणी म्हणायच्या. आता कामिनी शिरपूरला एसटीने जायला लागली. पुढची जागा धरायची, पाठीला उशी लावायची. चोपड्यापर्यंत रस्ता खराब, पण बसचे धक्के तिला सोसायचे. दारात लाल गाडी उभी आणि मालकीण उशी घेऊन एसटी स्टँडवर, हे योगराजला लागायचं. पण तो चिडायचा तो तिच्यावर. "लोक काय म्हणतील?" एवढंच तिला म्हणायचा. भाड्याची गाडी कर म्हणावं, तर तेही त्याला कमीपणाचं वाटायचं.

अक्का एकदा फोनवर त्यालाच म्हणाली, "भाऊ, तुमनी गाडी भारी शे म्हणतस, पण मनी बहीण त्यामा का बसत नही?"

"तिची कंबर दुखते, अक्का."

"मंग गाडीले समजाडा ना," अक्का म्हणाली आणि खळखळून हसली. योगराजही हसला.

मागच्या वर्षी हिवाळ्यात अक्काला हृदयाचा त्रास सुरू झाला. ती घरातल्या घरात फिरायची, पण अंगणापर्यंत आली तरी दम लागायचा. आखाजी जवळ आली तसा तिचा फोन आला. "कव्हय येशी वं?" कामिनी म्हणाली, "येते अक्का, यंदा चांगली चार दिवस राहते." पण उन्हाचा कहर होता आणि तिची कंबर पुन्हा कुरकुरत होती. त्या उन्हात बसने जाणं तिला झेपलं नसतं. ती योगराजला म्हणाली, "तुम्हीच नेऊन सोडा."

तो आनंदाने तयार झाला. एसी लावला, तिच्या पाठीशी दोन उशा ठेवल्या. तापीचा पूल ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, खडी उघडी पडली होती. योगराज हळू चालवत होता, तरी पातळ टायरांवरून प्रत्येक दगड कळत होता. कामिनीने दोन्ही हातांनी सीट धरली होती. मग एका खड्ड्यात चाक आदळलं आणि तिच्या तोंडून इतका वाईट आवाज निघाला, की त्याने गाडी जागच्या जागी थांबवली.

"थोडं थांबू या," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता.

"आता काय करू? गाडी डोक्यावर घेऊन चालू?"

बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलं, पण शब्द बाहेर पडले होते. कामिनीने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "परत फिरवा. अक्काला मी सांगते."

अक्का समजूतदारपणे म्हणाली, "येजो मंग, बरं वाटनं म्हणजे." योगराजनेही शब्द दिला, "पुढच्या महिन्यात मोठी गाडी करून जाऊ." पण पुढच्या महिन्यात केळीचे भाव चढले, ट्रक मिळेनात, आणि गाडी करायची राहून गेली.

मृग लागायच्या आधी एका सकाळी शिरपूरहून फोन आला. अक्का चहा पिता पिता गेली. योगराजने ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि पाच-दहा मिनिटांत भाड्याची मोठी, मऊ गाडी दारात उभी राहिली. इतकं सोपं होतं ते. वाटेत कामिनी मागच्या सीटवर पाय पसरून पडली होती, तिला एकही धक्का लागला नाही. योगराज पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. मागे वळून बघायचं त्याचं धाडस झालं नाही.

पावसाळ्यात तो कामासाठी धुळ्याला निघाला असताना पारोळ्याच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं. रिमला तडा गेला. गाडी उचलून धुळ्याला नेली, तिथे नजीर नावाच्या टायरवाल्याचं दुकान होतं. नजीरने रिम उलटसुलट बघितली. "शेठ, असली मिळायला महिना लागेल. तोवर सतरा इंचीचा जुना संच आहे माझ्याकडे, तो चारही चाकांना लावून देतो. गाडी चालती तर राहील."

नाइलाजाने योगराज हो म्हणाला. त्याच्या डोळ्यांदेखत लहान रिमवर जाड, गुबगुबीत टायर चढलं. बाहेरून चाक आधीएवढंच उंच होतं, फक्त लोखंड कमी आणि हवा जास्त झाली होती.

परतीच्या रस्त्यावर पहिला गतिरोधक आला तेव्हा सवयीने योगराजने दात आवळले. काहीच झालं नाही. गाडी अलगद वर चढली, अलगद उतरली. मोकळा रस्ता लागल्यावर त्याने पाय दाबला, तर गाडी आधीपेक्षा चटकन उसळली. स्टिअरिंग हलकं झालं होतं. वळणावर आधी गाडी खड्ड्याखड्ड्यावर उड्या मारायची, आता ती जमिनीला धरून वळत होती. म्हणजे त्या देखण्या, जड चाकांचा भार बिचारं इंजिन इतके दिवस उगाच ओढत होतं. योगराज एकटाच मोठ्याने हसला. इतकी मजा त्याला पहिल्या दिवसानंतर आली नव्हती.

एरंडोलजवळ ते हसू मावळलं. त्याला उन्हातली उघडी खडी आठवली. त्याने गाडी कडेला घेतली. कामिनीने मागितली होती तशीच ही चाकं. ती बदलायला नजीरला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नव्हता.

महिन्याने नजीरचा फोन आला, रिम आली आहे. "राहू दे," योगराज म्हणाला. "उरलेली तीनही तूच ठेव."

चाकं बदलल्यावर कामिनी त्या गाडीत पहिल्यांदा बसली ती बाजाराला जायला. परत येताना म्हणाली, "छान झाली आता."

"कामिनी, मी तेव्हाच..."

"असू द्या," ती म्हणाली. रागाने नव्हे. त्याने एकदा पालला जाऊ या म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बघू." मग तोही विचारेनासा झाला.

अक्काच्या वर्षश्राद्धाला दोघं त्याच गाडीने शिरपूरला गेले. वाटेतला रस्ता तेवढाच वाईट होता. कामिनीने एकदाही सीट धरली नाही. चोपड्याच्या पुढे तर तिला डुलकी लागली. योगराज गाडी हळू चालवत होता, ती जागी होऊ नये म्हणून.

अक्काची सून दारात आली. कामिनीचा हात धरत म्हणाली, "मावशी, गाडीनं आलात? त्रास नाही ना झाला?"

"नाही गं," कामिनी म्हणाली, "काहीच नाही झाला."

ती सुनेबरोबर आत गेली. योगराज गाडी लावायच्या निमित्ताने बाहेरच थांबला. यंदा झोका न बांधलेल्या लिंबाखाली काही माणसं भटजींचं सामान उतरवत होती, त्यांच्यातल्या कोणीतरी त्याला हाक मारली, "भाऊ, आत या ना, उन्हात का उभे?" तो "आलो" म्हणाला, आणि तरीही त्याचा पाय उचलेना.