आनंदाबाईचं कोरं मेंडोलीन

पुलगावच्या मिलमध्ये, रिळिंग खात्यात, आनंदाबाईचा हात सगळ्यांत साफ. हे खुद्द जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कबूल करायचा, आणि तो माणूस सहसा काही कबूल करणाऱ्यांतला नव्हता. बॉबिनवरचा धागा रिळावर घ्यायचा आणि त्याच्या लड्या करायच्या, एवढंच तिचं काम. पंधरा वर्षं तेच चाललं होतं. धागा फिरत असताना ती शेजारणीशी बोलायची, गाणं म्हणायची, कोणाची टिंगल करायची, पण बोटं धाग्यावरून हलत नसत. कुठे दोन धागे चिकटून एकत्र आले की तिच्या बोटांना आधी समजायचं, डोळ्यांना मागून. दुहेरी धागा म्हणजे खराब माल. रीळ थांबवायचं, जादा धागा सोडवायचा, गाठ मारायची आणि पुढे चालायचं. ही सवय इतकी भिनली होती की उन्हाळ्यात बाजेवर शेवया वाळत घातल्या तरी बाई चिकटलेल्या शेवया सोडवत बसायची आणि नवरा उपाशी राहायचा.

अशा बाईच्या डोक्यात मेंडोलीन शिरलं. हे १९५७ सालचं. आदल्या दसऱ्याला अख्खी वस्ती नागपूरला जाऊन धम्म घेऊन आली होती. जुनी भजनं सुटली, नवी गाणी आली. हिवाळ्यात नागपूरची एक गायन पार्टी वस्तीत येऊन गाऊन गेली. त्यांच्यात एक जण मेंडोलीन वाजवणारा होता. बाया पार मागे बसल्या होत्या, तिथून आनंदाबाईला त्याचा हात तेवढा दिसला, पण आवाज मात्र थेट तिच्यापाशी येऊन बसला. ती घरी आली ती गप्पच. तिचं गप्प असणं नत्थूजीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, नवीन होतं. त्याने कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाई मले," ती म्हणाली. "मले तो बाजा पाह्यजे."

नत्थूजीला वाटलं, सकाळपर्यंत उतरेल. ते काही उतरलं नाही.

त्यात भैयाजींनी तेल ओतलं. भैयाजी म्हणजे वस्तीच्या गायन पार्टीचे पुढारी. पेटी त्यांची, शब्द त्यांचा, आणि रागही त्यांचाच. वैशाख पौर्णिमेला वस्तीत पहिली बुद्धजयंती व्हायची होती. रिळिंग खात्यातल्या सात बायांनी ठरवलं, आपणही स्टेजवर जाऊन गायचं. तानाबाई त्यांच्यात वडील, तिने भैयाजींना जाऊन विचारलं. भैयाजी हसले.

"तुमचा साज कुठं आहे, बाई? साजाबिगर पार्टी नसते. तुमी मांगं उभ्या राहा, धृपद झेला."

"साज आला तर?" आनंदाबाईने विचारलं.

"आला आन् शेवटच्या माणसाले ऐकू गेला, तर पयलं गाणं तुमचं."

वीस माणसांसमोर बोलून बसले. आता मागे फिरता येणार नव्हतं, त्यांनाही नाही आणि हिलाही नाही.

बोनस हातात पडला त्याच आठवड्यात आनंदाबाई नागपूरला बर्डीवरच्या एका वाद्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिली. दुकानदाराकडे नवं मेंडोलीन नव्हतं. कलकत्त्याहून मागवावं लागेल म्हणाला. छापील कागदावरचं चित्र दाखवलं त्याने, बोटभर. मग खालच्या फळीवरची एक काळी पेटी ओढून म्हणाला, "हे जुनं आहे, पण वाजते मस्त. अर्ध्या किमतीत देतो." आणि कडी काढायला लागला.

"उघडू नोको," आनंदाबाई म्हणाली.

"पाहा तर खरं."

"नाई पाहाचं मले."

तिचं म्हणणं अगदी सरळ होतं. तिच्या अंगावर आलेलं पहिलं लुगडं कोणाचं तरी उतरलेलं होतं. घरातला पाण्याचा गुंड पोचे पडून आलेला, माहेरच्या घराचं दारसुद्धा दुसऱ्याच्या घरातून निघालेलं. आता धम्म नवा, गाणी नवी, तर बाजाही कोराच पाहिजे. त्याच्यावर पहिला हात लागेल तो आपला. तिने पैसे भरले, पावती घेतली, पार्सल पुलगाव स्टेशनला पाठवायला सांगितलं आणि आली निघून. ती काळी पेटी तिने उघडू दिली असती तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण तेव्हा तिला कोण सांगणार, आणि सांगून ती ऐकणार थोडीच.

मग सुरू झालं वाट पाहणं. मिल सुटली की बाई स्टेशनवर हजर. पार्सलबाबू आधी "नाही आलं" म्हणायचा, मग नुसती मान हलवायचा, शेवटी तर ती फाटकात दिसली की लांबूनच हात हलवून तिला परत पाठवायला लागला. रिळिंग खात्यात दुसरा विषय उरला नाही. ते केवढं असेल, कशाचं असेल, ते कडेवर घेऊन वाजवतात की मांडीवर. मेंडोलीन कसं धरायचं हे तानाबाईने लाटणं घेऊन सगळ्यांना दाखवलं, जणू तिची हयात त्यातच गेली होती.

आणि एका दिवशी पार्सलबाबूने हात उलटा हलवला. या, या.

आनंदाबाईने पावतीवर सही केली. बाबूने शाईची गादी पुढे सरकवली होती, ती तिने बाजूला सारली आणि कलम मागितलं. पाच अक्षरं लिहायला तिला जितका वेळ लागला तितका वेळ मागची रांग चुळबुळत उभी होती. उभी राहू दे, तिला घाई नव्हती.

खोका उचलायला नत्थूजीला बोलावलं. तो लष्कराच्या डेपोत हमाल. दारूगोळ्याची खोकी उचलायची कशी, ठेवायची कशी, हेच त्याचं शिक्षण. स्टेशनपासून वस्तीपर्यंत त्याने तो खोका असा आणला की वाटेत लोक आपणहून बाजूला झाले. आनंदाबाई पुढे चालत होती. "दगड आहे. इकडून. आता खड्डा आहे." शेजारीपाजारी मागून येत होते. दारापाशी पोचेपर्यंत चांगली मिरवणूक झाली होती.

पकडीने खिळे निघाले. गवत निघालं, कागद निघाला, आणि नव्या रोगणाचा असा वास सुटला की सगळ्यांनी एकदमच नाकाने श्वास ओढला. मग ते बाहेर आलं. पोट सपाट, गुळासारख्या रंगाचं. पाठ गोल, काळे-तांबडे पट्टे असलेली, कलिंगडासारखी. सोबत कागदाच्या पुडीत एक छोटी चपटी नखी, तारा छेडायला. आनंदाबाईने हात साबणाने धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. मग उचललं. आनंद काय असतो तो तिच्या तोंडावर असा सांडला होता की कोणी थट्टासुद्धा केली नाही.

तिने तारांवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

तारा दुहेरी होत्या. प्रत्येक ठिकाणी दोन, एकमेकींना खेटून. वरपासून खालपर्यंत चारही जागी तेच.

"पाह्य तानाबाई," ती म्हणाली. "जोडीनं आल्या सगळ्या."

तानाबाईने वाकून पाहिलं. तीही रिळिंग खात्यातलीच. "खराब माल धाडला वो त्यानं."

"मंग खुंट्या आठ काऊन हायेत?" नत्थूजीने विचारलं. त्या घरात त्या दिवशी निघालेला शहाणपणाचा एकच शब्द तो, पण बाकी कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

आनंदाबाईने मात्र त्यावर उत्तर काढलं. चार जादा तारा असणार. वाजवताना एखादी तुटली तर हाताशी असावी म्हणून कारखानदाराने वरच बांधून पाठवल्या असतील. दुकानदार लबाड नाही, उलट चांगला माणूस. हे सगळ्यांना पटलं. रिळिंग खात्याच्या बायांना दुसरं काही पटणं शक्यच नव्हतं. आनंदाबाईने बसून खुंट्या उलट्या फिरवल्या, प्रत्येक जोडीतली एक तार अलगद सोडवली, लडीसारखी गुंडाळली आणि कागदात बांधून डब्यात ठेवली. काम इतकं साफ झालं की तानाबाईने तिची पाठ थोपटली.

पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली होती, आणि तीन आठवड्यांत कोणी मेंडोलीन शिकत नाही. पण एका गाण्याची चाल काढता येते, जर माणसाचा कान शाबूत असेल आणि मन हट्टी असेल. दोन्ही आनंदाबाईकडे होतं. स्वतःच्या गळ्याशी तार जुळवायची आणि पट्टीवर बोट सरकवत गाण्यातली जागा शोधायची. सापडली की "घावली" म्हणून नवऱ्याला हाक मारायची. भाकर करपायची, पण घावायची. बोटांच्या टोकांना घट्टे पडले. पंधरा दिवसांत चाल तिच्या हातात बसली.

तेव्हा सातही जणी एकत्र बसल्या, ढोलकीवर थाप पडली, आणि मेंडोलीन हरवलं. नुसतं हरवलं. आनंदाबाई वाजवत होती, तिला स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. ढोलकी थांबवली की कोपऱ्यात डास गुणगुणावा तसा तो आवाज. भैयाजी दारात येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि फार गोड बोलले. गोड बोलले हेच वाईट.

"ऱ्हाऊ द्या बाई. शौक म्हणून घरी वाजवा. पौर्णिमेले मांगं उभ्या राहा."

नागपूरच्या पार्टीचा जो आवाज थेट येऊन बसला होता तो हा नव्हे, हे आनंदाबाईला कळत होतं. म्हणजे फसवलं. बाईमाणूस, गरीब, पाहून खराब माल गळ्यात मारला. ती रडली नाही, तिला संताप आला. सुट्टीचा वार उजाडल्याबरोबर तिने मेंडोलीन धुतल्या लुगड्यात गुंडाळलं, चार तारांची पुडी कमरेला खोवली आणि पॅसेंजर धरली. वर्धा गेलं, सेलू रोड गेलं, डब्यातल्या बायांना तिने सगळी हकीकत सांगितली. नागपूर येईपर्यंत अख्खा डबा त्या दुकानदाराच्या विरोधात होता.

ती दुकानात शिरली ती तोंड उघडूनच. आणि तसंच ते उघडं राहिलं. समोरच्या भिंतीवर दोन नवी मेंडोलिनं टांगलेली होती. दोन्हीच्या तारा जोडीने.

"या बाई," दुकानदार म्हणाला. "कसं वाजते?"

आनंदाबाईने मेंडोलीनभोवतीचं लुगडं सोडलं. त्याने चार तारा पाहिल्या, तिच्याकडे पाहिलं. "बाकीच्या तुटल्या?"

तिने पुडी काढून समोर ठेवली. चार तारा, चार नेटक्या लड्या. दुकानदाराला हसू आवरेना, पण माणूस चांगला होता, तोंड फिरवून हसला. "बाई, हे जोडीनंच वाजते. दोघी एकाच सुरात लावायच्या. पण दोघी म्हटल्यावर केसभर फरक ऱ्हातेच ना. त्या फरकानं आवाज भरते." त्याने तारा चढवल्या, खुंट्या पिळल्या, नखी फिरवली.

तो आवाज. हिवाळ्यात मागच्या रांगेपर्यंत आलेला. आनंदाबाई खाली स्टुलावर बसली. पंधरा वर्षं दोन धागे सोडवण्यात गेली होती, त्यातलं एकही वर्ष तिला वाया गेलेलं वाटत नव्हतं, पण आता मात्र तिला मनापासून हसू फुटलं. ती हसली, दुकानदार उघड हसला. तारा जुळवायच्या कशा हे त्याने दोनदा दाखवलं. एकदाच पुरलं असतं. दोन धाग्यांचा ताण सारखा आहे की नाही, हे तिच्या बोटांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

परतीच्या गाडीत तिने ते लुगड्यात बांधलंच नाही. वर्ध्यापर्यंत वाजवत आली.

पौर्णिमेला उन्हं कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. भैयाजी शब्दाला जागले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पहिलं गाणं बायांचं. सात पांढरी लुगडी स्टेजवर चढली. ढोलकी चढली, गळे चढले, आणि त्या सगळ्यांवरून मेंडोलीन झणझणत निघालं ते पार विहिरीपाशी उभ्या असलेल्या माणसांपर्यंत गेलं. नत्थूजी तिथेच मुद्दाम उभा होता. त्याने तिथून हात वर केला. गाणं संपल्यावर लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग आणखी एकदा.

कार्यक्रम उठल्यावर भैयाजी आले. त्यांनी मेंडोलीन वरखाली न्याहाळलं.

"पुढच्या आयतवारी विरूळले कार्यक्रम आहे आमचा," ते म्हणाले. "हे देजा आमाले. आमच्या पार्टीतला हरिदास वाजवन. तो शिकून घेईन चार दिसात."

आनंदाबाईने मेंडोलीन छातीशी धरलं होतं ते तसंच ठेवलं. आवाज चढवला नाही.

"बाजा एकटा नाई येत, भैयाजी. आमी सात जणी येतो."

भैयाजींनी तानाबाईकडे पाहिलं, बाकीच्या पाचींकडे पाहिलं. कोणी नजर खाली घातली नाही. ते डोकं खाजवत म्हणाले, "विरूळवाले एकच बैलबंडी धाडून राह्यले. तुमच्यासाठी दुसरी सांगा लागन."

"सांगा," आनंदाबाई म्हणाली.

भैयाजी निरोप द्यायला माणूस शोधत निघून गेले, आणि आनंदाबाई तिथेच स्टेजच्या कडेला बसली. लग्न झालं तेव्हा ती माहेराहून सासरी पायी आली होती, डोक्यावर आपलंच गाठोडं घेऊन. तिच्यासाठी म्हणून कोणी बैल जुंपणार होतं ते चाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा.