करमाडच्या रस्त्यावरची न दिसणारी आग

हायड्रोजनला वास नसतो, हे मी आईला सांगितलं आणि त्या दिवसापासून ती माझ्या नोकरीला भ्यायला लागली. घरातला गॅस गळला तर वास येतो, माणूस खिडक्या उघडतो. "मग याचं कळणार कसं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे यंत्र असतं, ते वाजतं. मला भीती वाटत नाही, असं मात्र मी म्हणाले नाही.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा प्लांट होता. मागच्या माळावर सौर पॅनल मांडलेले. त्यांच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढायचा, प्रचंड दाबानं लांब लोखंडी नळकांड्यांत भरायचा आणि ती नळकांडी ट्रेलरवर लादून जालन्याच्या एका कारखान्याला पोचवायची. मी डिप्लोमा करून तिथं लागले होते. भरलेल्या ट्रेलरबरोबर जायचं काम माझं. गुंतवणूक करणारे लोक प्लांट पाहायला आले की साहेब त्यांना सांगायचे, हा जळला तर धूर होत नाही, नुसती वाफ होते. ते खरंच होतं.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहर जालना रोडनं पसरत शेंद्र्यापर्यंत आलं होतं. ज्वारीच्या रानात प्लॉटचे दगड रोवलेले दिसायचे आणि शहरातल्या आमच्या नळाला आठवडा आठवडा पाणी नसायचं. गावांना तर टँकरचाच आधार होता.

त्या दुपारी करमाडजवळ आमची गाडी थांबली, कारण पुढं पाण्याचा टँकर उभा होता आणि हंड्यांची रांग पार रस्त्यावर आली होती. आमचे ड्रायव्हर खुलताबादचे, वयानं मोठे. मी त्यांना चाचा म्हणायची. वाट मिळेपर्यंत पाय मोकळे करावेत म्हणून ते इंजिन बंद करून खाली उतरले, मागं गेले आणि लगेच परत आले.

"बेटा, पीछे से सूं-सूं की आवाज आरी."

मी उतरले. हातातलं यंत्र ट्रेलरच्या मागच्या, झडपांच्या कपाटाजवळ न्यायच्या आतच वाजायला लागलं. एका नळकांड्याच्या झडपेतूनच गॅस सुटत होता. बाकीच्या सगळ्या झडपा मी बंद केल्या, पण त्या एकीला बंद करण्याचा उपाय नव्हता. घाईत पाना दोनदा हातातून निसटला. लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी पडेल, म्हणून मी तो लांब ठेवून दिला.

"गाडी आगे ले लूं क्या?"

"नको, चाचा. चावीला हातच लावू नका."

प्लांटला फोन केला. ते म्हणाले, अग्निशमनची गाडी निघतेय, तोवर माणसं लांब न्या. मी रांगेकडे पळाले. "गॅस गळतोय. सगळ्यांनी मागं व्हा, लई लांब जा."

कुणी हललं नाही. रांगेत पुढं एक वयस्क बाई होत्या, डोक्यावर पदर, पायाशी पितळी हंडा. त्या म्हणाल्या, "सकाळधरनं उभ्या हाव आमी. आता कुठं नंबर आला, अन् तू म्हणती जा. तुमच्या कारखान्याला पाणी मिळतं. आमी टँकर सोडून जावं व्हय?"

मी हात जोडले. धाक घातला. एकीचा हात धरून ओढलाही, तिनं तो झटकला. मागं तो आवाज चालूच होता.

मग चाचा म्हणाले, "ये लोगां नहीं हटनेवाले. पानी को हटाओ."

टँकर सुरू करायचा म्हणजे इंजिनाची ठिणगी. वारा टँकरकडून आमच्या गाडीकडे आणि तिथून रानात जात होता. मी मूठभर माती उडवून ते पुन्हा पाहिलं, तरी खात्री वाटेना. शेवटी टँकरवाल्याला म्हटलं, "पुढं घ्या, देवळाच्याही पलीकडं." त्यानं इंजिन सुरू केलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. टँकर निघाला आणि शिव्या देत, हंडे कडेवर मारत सगळ्या बाया त्याच्यामागं धावल्या.

रस्ता मोकळा झाला. तेवढ्यात मागं 'धप्प' झालं आणि आवाज बदलला, जाड झाला. गॅस पेटला असावा, कशानं ते कळलंच नाही. पण उन्हात हायड्रोजनची ज्योत दिसत नाही. झडपेसमोरची हवा नुसती थरथरत होती. बांधावर पडलेली तुरीची एक लांब, वाळकी तुराटी मी उचलली आणि ज्योत कुठं आहे ते कळावं म्हणून ती पुढं धरून एकेक पाऊल टाकत गेले. काहीच नसलेल्या जागी तिचं टोक अचानक पेटलं. मी तिथंच ती टाकली आणि पळत सुटले.

अग्निशमनची गाडी आली. अशी आग विझवायची नसते. गॅस संपेपर्यंत जळू द्यायची आणि शेजारची नळकांडी तापू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी मारत राहायचं. त्यांनी मोठा फवारा सोडला. लोखंडावरून पाणी रस्त्यावर आलं, रस्त्यावरून कडेच्या चरीत वाहायला लागलं.

देवळाच्या बाजूनं बाया परत येताना दिसल्या. टँकर तेवढ्यात रिकामा झाला होता. ज्यांना मिळालं नव्हतं त्या हंडे घेऊन चरीकडे निघाल्या होत्या, तांब्यांनी पाणी भरायला. मी आणि चाचा हात पसरून वाटेत आडवे उभे राहिलो. "आग आहे तिथं, मावशी, जळून मरशाल."

त्या मघाच्या बाई माझ्याकडे पाहत शांतपणे म्हणाल्या, "आग तं दिसत नाय. पाणी दिसतंय."

त्या मला वळसा घालून चरीत उतरल्या, त्यांच्यामागं बाकीच्या. त्या दिवसातली सगळ्यात मोठी भीती मला तेव्हा वाटली. मघा निदान त्या टँकरच्या मागं होत्या. आता मी त्यांना मरणाच्या तोंडाशी वाकलेलं पाहत होते.

आणि तेवढ्यात कपाटातला एक तापलेला पाइप फुटला. गोळी सुटावी तसा आवाज झाला. बाया हंडे टाकून पळाल्या. त्या बाई चरीत पडल्या. मी त्यांना दंडाला धरून अक्षरशः फरफटत रानात नेलं आणि दोघी ढेकळांत आडव्या झालो.

हळूहळू आवाज बारीक झाला आणि थांबला. गॅस संपला होता. कुणी भाजलं नाही. बाईंचा गुडघा सोलवटला, तेवढंच. साहेबांचा फोन आला. त्यांनी आधी माणसांचं विचारलं आणि मग, कुणी व्हिडिओ तर काढला नाही ना, हे विचारलं. पुढच्या आठवड्यात पैसे लावणारे येणार होते.

बाई गुडघ्यावरची माती झटकत होत्या. "काय बनवता गं तुमी तिथं?"

"हायड्रोजन. त्याच्यावर कारखाने चालतात, पुढं गाड्याही चालतील."

"कशापासून?"

"पाण्यापासून," मी म्हणाले.

त्या उठल्या. चरीतला आपला हंडा शोधून, त्यातलं गढूळ पाणी गुरांना होईल म्हणत, तो कमरेवर घेऊन गेल्या.

ती नोकरी मी पुढंही केली. ट्रेलर करमाड टाळून बाहेरच्या रस्त्यानं जायला लागला, झडपा बदलल्या. पण अजूनही शहरातल्या सिडकोच्या स्टँडवर एखादी बस थांबते, ब्रेकची हवा सूं करून सुटते आणि मी जागच्या जागी थांबते. आजूबाजूच्या लोकांना लांब व्हा म्हणावंसं वाटतं. मग मी गर्दीबरोबर मुकाट्यानं बसमध्ये चढते आणि दाराजवळची जागा धरते.